बेसलाइन थांबतच नाही: सिलिकॉन रिंग सेन्सरमधल्या ड्रिफ्टचा माग कसा काढायचा

चिप बसवली, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) सोडला, लेझरचं स्कॅन सुरू केलं. रेझोनन्सची डिप, म्हणजे रिंग ज्या तरंगलांबीचा प्रकाश अडकवून ठेवते तिथे आलेखात पडणारा खड्डा, छान खोल आहे, दोन्ही बाजू सारख्या आहेत. दहा मिनिटांत बेसलाइन, म्हणजे नमुन्याआधीची डिपच्या जागेची रेषा, स्थिर होईल, मग नमुना सोडू, असं म्हणून आपण थांबतो. दहाची वीस होतात, विसाचा तास होतो, तरी रेषा आडवी व्हायचं नाव घेत नाही. कधी हळूहळू वर चढते, कधी खाली उतरते, कधी लाटेसारखी डोलते. हाच ड्रिफ्ट. सिलिकॉनच्या मायक्रोरिंगवर, म्हणजे चिपवर कोरलेल्या प्रकाशवाहक सूक्ष्म कड्यावर, प्रथिनं किंवा रसायनं ओळखायचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे भेटतं. एकदा सुटलं म्हणून संपतही नाही. नवी चिप आली, बफरची नवी बाटली केली, हवामान बदललं की दुखणं परत हजर.

यावर सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘सिलेनचा (अँटिबॉडी बांधण्यासाठी चिपवर चढवलेल्या रसायनाचा) थर नीट बसला नसेल, पृष्ठभाग पुन्हा तयार करा’. हा सल्ला कधीकधी बरोबर असतो. पण पृष्ठभाग पुन्हा तयार करायला दोन दिवस जातात, चिप झिजते, आणि मूळ कारण दुसरंच असेल तर तिसऱ्या दिवशी आपण त्याच जागी उभे असतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की रसायनाला हात लावण्याआधी चिपवरच्या कोणत्या रिंग्ज एकत्र सरकताहेत आणि कोणती जागची हलत नाही, ते बघा. ड्रिफ्टच्या बहुतेक कारणांची वर्गवारी या एका निरीक्षणात होते.

आधी आकडे डोळ्यांसमोर ठेवा

रिंगमध्ये फिरणाऱ्या प्रकाशाचा थोडा भाग वेव्हगाइडच्या (प्रकाश वाहून नेणाऱ्या सिलिकॉनच्या पट्टीच्या) बाहेर, पृष्ठभागालगतच्या द्रवात पसरलेला असतो. त्याची पोहोच साधारण शंभर नॅनोमीटर किंवा त्याहून कमी. तिथे प्रथिन येऊन चिकटलं की तेवढ्या जागेतल्या पाण्याची जागा जास्त अपवर्तनांकाचा पदार्थ घेतो आणि रेझोनन्सची तरंगलांबी वाढते, म्हणजे डिप लाल बाजूला सरकते. गेंट विद्यापीठातल्या गटाने २००७ मध्ये ५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या सिलिकॉन रिंगवर जे मोजमाप प्रसिद्ध केलं, त्यात संवेदनशीलता अपवर्तनांकाच्या दर एककामागे ७० नॅनोमीटर होती आणि क्यू (तरंगलांबी भागिले डिपची रुंदी) सुमारे २०,०००. हे आकडे अजूनही अंदाजासाठी चांगले आहेत.

समजा तुम्हाला हवा असलेला संकेत ५ पिकोमीटरचा (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) आहे. १५५० नॅनोमीटरला २०,००० क्यू म्हणजे डिपची रुंदी जवळजवळ ७८ पिकोमीटर. म्हणजे आपण डिपच्या रुंदीचा पंधरावा हिस्सा सरकलेला ओळखायचा म्हणतोय. आता तापमान बघा. २२० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉनमधली साधी रिंग १ अंश सेल्सिअसला ७० ते ८० पिकोमीटर सरकते. तेव्हा ५ पिकोमीटर हा अंशाच्या पंधराव्या भागाइतका तापमानबदल झाला. द्रवाच्या बाजूने पाहिलं तर ५ पिकोमीटर म्हणजे अपवर्तनांकात ०.००००७ चा फरक, आणि तो होण्यासाठी मिठाच्या द्रावणाची तीव्रता १.०० टक्क्यावरून १.०४ टक्के झाली तरी पुरते.

हे आकडे एकदा नीट मनात बसले की ‘खोलीचं तापमान तर स्थिर आहे’ आणि ‘बफर तर तोच आहे’ या दोन वाक्यांवर पुन्हा विसंबून राहवत नाही.

रिंग्ज काय सांगतात

यासाठी चिपवर निदान तीन प्रकारच्या रिंग्ज हव्यात. पहिली झाकलेली. तिच्यावर ऑक्साइडचा किंवा पॉलिमरचा जाड थर असतो, तिला द्रव दिसतच नाही, फक्त तापमान कळतं. दुसरी उघडी पण नियंत्रण म्हणून ठेवलेली. तिच्यावर तुमच्या अँटिजेनशी संबंध नसलेली अँटिबॉडी असते, तिला तापमानही कळतं आणि द्रवही. तिसरी कामाची, म्हणजे खऱ्या अँटिबॉडीची. पुष्कळ जण पहिल्या दोघींपैकी एकच ठेवतात आणि तिलाच ‘रेफरन्स’ म्हणतात. गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण त्या दोघी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

झाकलेली रिंग सरकत असेल आणि उघड्या रिंग्जही तिच्याच दिशेने जात असतील, तर कारण तापमान किंवा लेझर. झाकलेली जागच्या जागी आणि दोन्ही उघड्या सारख्याच सरकताहेत, तर द्रव बदलतोय किंवा पृष्ठभागावरचा सामाईक थर. फक्त कामाची रिंग सरकतेय आणि नियंत्रणाची नाही, तर एक तर खरंच काही चिकटतंय किंवा तिच्यावरच्या अँटिबॉडीच सुटताहेत. आणि शेजारणी शांत असताना एकच रिंग वेड्यासारखी उड्या मारत असेल तर बुडबुडा, कचरा किंवा फिटिंगची चूक.

हे पाहण्यासाठी सगळ्या रिंग्जचे आलेख एकावर एक काढा, एकाच वेळेच्या अक्षावर, कोणतीही वजाबाकी न करता. सॉफ्टवेअर जर आपोआप रेफरन्स वजा करून दाखवत असेल तर ती सोय आधी बंद करा. वजाबाकीनंतरच्या रेषेत निदानाची निम्मी माहिती गेलेली असते.

झाकलेली रिंग हलतेय तेव्हा

मला स्वतःला यात सगळ्यात जास्त दिवस घालवावे लागले, म्हणून इथे जरा थांबतो. एका चिपवर बेसलाइन लाटेसारखी डोलत होती. लाटेची उंची ४ पिकोमीटरच्या आसपास. प्रत्येक प्रयोगात ती वेगळ्या जागी दिसे, कारण प्रयोग वेगवेगळ्या वेळी सुरू व्हायचे. मी सिलेनची नवी बाटली उघडली, बफर बदलला, नळ्या बदलल्या. मग एका रात्री काहीही न सोडता, फक्त पाणी भरून, पंप बंद ठेवून आठ तासांची नोंद घेतली. सकाळी आलेखात एकसारख्या लाटा होत्या, दर अकरा मिनिटांनी एक, आणि झाकलेल्या रिंगवरही तितक्याच ठळक. खोलीतल्या एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर अकरा मिनिटांनी सुरू होत होता आणि त्याच्या झडपांमधून येणारा झोत थेट चिपच्या स्टेजवर पडत होता. स्टेजचं तापमान राखणाऱ्या कंट्रोलरचा पडदा मात्र पूर्ण रात्र २५.०० अंश दाखवत होता.

तो खोटं दाखवत नव्हता. थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक) तांब्याच्या ठोकळ्यात बसवलेला होता आणि ठोकळा खरोखर २५.०० वर होता. चिप त्या ठोकळ्यावर, मध्ये चिकट थर, वरती पॉलिमरचा प्रवाहमार्ग आणि त्याच्यावर खोलीची हवा. ठोकळा स्थिर असला तरी चिपचा वरचा भाग दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी तापमानाला असतो. हवा एका अंशाने हलली आणि त्यातला पाच टक्के भाग रिंगपर्यंत पोहोचला, तरी जवळजवळ ४ पिकोमीटर झाले.

यावरचे उपाय साधे आहेत. स्टेजभोवती झाकण हवं, पारदर्शक पत्र्याची पेटी पुरते, फक्त फायबर आणि नळ्यांच्या भोकांतून वारा शिरायला नको. शक्य असेल तर थर्मिस्टर चिपच्या अगदी शेजारी बसवा. कंट्रोलरची सेटिंग फार आक्रमक असेल तर तो स्वतःच डोलायला लागतो. तेव्हा लाटेचा काळ मिनिटांत नसतो, काही सेकंदांत असतो, आणि त्यावरून तो ओळखता येतो. स्टेजचं तापमान खोलीपेक्षा एक-दोन अंशच वर ठेवा. फार वर ठेवलं की आत येणारा द्रव चिपला थंड करतो, आणि मग प्रवाहाचा वेग बदलला की बेसलाइनही बदलते.

आता वजाबाकी. झाकलेल्या रिंगचं सरकणं उघड्या रिंगमधून जसंच्या तसं वजा करायची पद्धत सर्रास आहे, आणि ती अपुरी आहे. पाण्याचा अपवर्तनांक तापमान वाढलं की कमी होतो, खोलीच्या तापमानाला अंशाला साधारण ०.०००१ इतका. ऑक्साइडचा मात्र किंचित वाढतो, अंशाला ०.००००१ च्या घरात. उघड्या रिंगच्या वर पाणी आहे, झाकलेल्या रिंगच्या वर ऑक्साइड. ७० नॅनोमीटरच्या संवेदनशीलतेने गुणलं की पाण्यामुळे उघडी रिंग अंशाला सुमारे ७ पिकोमीटर मागे ओढली जाते. म्हणजे दोघींच्या तापमान-गुणांकात दहा टक्क्यांच्या आसपास फरक राहतो. सरळ वजाबाकी केली तर तापमानामुळे आलेल्या चुकीचा दहावा भाग तसाच शिल्लक राहतो, आणि तो अगदी ड्रिफ्टसारखाच दिसतो.

म्हणून दर नव्या चिपवर एकदा हे करा: पाणी वाहतं ठेवून स्टेज २४, २५, २६ अंशांवर न्या, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं थांबा, आणि प्रत्येक रिंगचा उतार काढा. झाकलेल्या रिंगचं सरकणं त्या दोन उतारांच्या गुणोत्तराने (उघडीचा उतार भागिले झाकलेलीचा उतार) गुणून मगच वजा करा. तासाभराचं काम आहे आणि माझ्या मते या लेखातलं सगळ्यात उपयोगी तेच आहे.

हाच फरक लेझरची चूक पकडायलाही कामी येतो. लेझरच्या स्कॅनची सुरुवात सरकली तर सगळ्या रिंग्ज अगदी सारख्याच पिकोमीटरने सरकतात, उघडी असो की झाकलेली. तापमान हललं तर त्या गुणोत्तराने सरकतात. दोन रिंग्जचे आकडे आडव्या-उभ्या अक्षांवर एकमेकांविरुद्ध मांडा. बिंदूंच्या रेषेचा उतार बरोबर एक आला तर लेझर बघा, तुम्ही मोजलेल्या गुणोत्तराइतका आला तर तापमान. पक्कं करायचं असेल तर लेझरचा थोडा प्रकाश वायू भरलेल्या बंद कोशिकेतून काढा. अॅसिटिलीन किंवा हायड्रोजन सायनाइडच्या शोषणरेषा १५३० ते १५५० नॅनोमीटरच्या भागात मिळतात आणि त्या तुमच्या प्रयोगाच्या लांबीत जागच्या हलत नाहीत. त्या रेषाच पडद्यावर सरकताना दिसल्या तर चिपला दोष देण्यात अर्थ नाही.

एक कारण बऱ्याचदा निसटतं. सिलिकॉनमध्ये प्रकाशाची तीव्रता जास्त झाली की दोन फोटॉन एकत्र शोषले जातात, त्यातून सुटे वाहक तयार होतात, आणि रिंग स्वतःच तापते. लेझर लहान तरंगलांबीकडून मोठीकडे जात असेल तर डिप त्याच्याबरोबर ओढली जाते. तिची डावी बाजू आळसावल्यासारखी उतरती होते आणि उजवी एकदम कड्यासारखी. असा तिरका आकार दिसला की पॉवर अर्धी करा. डिप निळ्या बाजूला सरकली तर रिंग स्वतःला तापवत होती. ती सरकायची थांबेपर्यंत पॉवर कमी करत जा. यातली खरी अडचण अशी, की फायबरची जुळणी तासागणिक थोडी ढळते, रिंगमध्ये जाणारी पॉवर कमी-जास्त होते, आणि जुळणीतला हा बदल तरंगलांबीतला बदल होऊन बाहेर येतो. पॉवर पुरेशी कमी असेल तर जुळणी ढळली तरी फक्त आलेखाची उंची बदलते, डिपची जागा नाही.

झाकलेली शांत, उघड्या सगळ्या सरकताहेत

इथे पहिला संशयित बफर. वर काढलेला हिशोब पुढे नेऊ. पीबीएसमध्ये (नेहमीच्या फॉस्फेट-क्षार बफरमध्ये) क्षार एक टक्क्याच्या जरा खाली असतात आणि मिठाच्या दर टक्क्याला अपवर्तनांक ०.००१७ च्या आसपास वाढतो. बफरमधलं एक टक्का पाणी उडालं तर उघडी रिंग एक पिकोमीटरच्या वर लाल बाजूला जाते. तोंड उघडी असलेली १० मिलिलिटरची नळी घेऊन दुपारभर प्रयोग चालला आणि त्यातलं अर्धा मिलिलिटर उडालं, तर ५ पिकोमीटर झाले. हवा होता तेवढाच संकेत, चिपवर काहीही न चिकटता. नळीच्या तोंडावर पॅराफिल्म लावा, नळी आत जाईल एवढंच भोक ठेवा.

दुसरं म्हणजे चालू बफर आणि नमुन्याचा बफर वेगवेगळे असणं. नमुना सोडला की एकदम मोठी उडी, नमुना संपला की तेवढीच परत, आणि मधली वाट सपाट. हा बंध नाही, द्रवाचा नुसता अपवर्तनांक आहे. अँटिबॉडीच्या साठ्यात बऱ्याचदा ५० टक्के ग्लिसरॉल असतं. तो साठा शंभर पट पातळ केला तरी अर्धा टक्का ग्लिसरॉल उरतं, आणि तेवढ्याने ५० पिकोमीटरच्या आसपास उडी येते. डीएमएसओ या विद्रावकाचंही तसंच, एक टक्का म्हणजे अपवर्तनांकात जवळजवळ ०.००१४. ५० पिकोमीटरच्या उडीत ५ पिकोमीटरचा बंध शोधणं नियंत्रणाची रिंग असतानाही अवघड जातं, कारण दोन रिंग्जची संवेदनशीलता दोन-तीन टक्क्यांनी वेगळी असली तरी वजाबाकीनंतर एक-दीड पिकोमीटर उरतोच. साठा डायलिसिस करून किंवा डिसॉल्टिंग कॉलममधून काढून चालू बफरमध्येच आणा. चालू बफर आणि नमुन्याचा बफर एकाच बाटलीतून घ्या. एकाच कृतीने दोन वेळा केलेले दोन बफर एकसारखे नसतात.

रिंग्जची आपापसातली संवेदनशीलता मोजायची सोपी युक्ती म्हणजे मिठाची पायरी. शुद्ध पाणी, मग पाण्यात १ टक्का मीठ, मग परत पाणी. ७० नॅनोमीटरच्या रिंगवर साधारण १२० पिकोमीटरची स्वच्छ पायरी यायला हवी. सगळ्या उघड्या रिंग्जवर पायरीची उंची टिपून ठेवा. झाकलेल्या रिंगवर पायरी अजिबात यायला नको. आलीच, तर तिच्यावरच्या थराला तडा आहे किंवा थर पातळ आहे, आणि ती रेफरन्स म्हणून बाद. उलट एखाद्या उघड्या रिंगवर पायरी बुटकी आली तर तिच्यावरच्या खिडकीत रेझिस्टचा (चिप घडवताना वापरलेल्या लेपाचा) अवशेष राहिलाय, असं समजा.

द्रव निर्दोष ठरला की मगच पृष्ठभागाकडे वळा. एपीटीईएससारख्या अमिनोसिलेनचा थर पाण्यात पूर्ण स्थिर नसतो. सैल बसलेले रेणू सुटत राहतात, बंध पाण्याने तुटतात. याची खूण अशी, की उघड्या रिंग्ज निळ्या बाजूला जातात, आधी वेगाने, मग मंद, मग आणखी मंद, झाकलेली मात्र हलत नाही. तापमानाची लाट परत फिरते, ही रेषा फिरत नाही. थर खूप जाड बसला असेल, म्हणजे सिलेनीकरणाच्या वेळी भांड्यात ओलावा जास्त असेल, तर हे हमखास होतं. कोरडं विद्रावक, कमी तीव्रता, थोडा वेळ, नंतर भरपूर धुणं आणि ११० अंशांच्या आसपास भाजणं, यांनी फरक पडतो. मी त्याशिवाय चिप रात्रभर चालू बफरमध्ये ठेवतो, म्हणजे जे सुटायचं ते प्रयोगाआधीच सुटतं. बफर अल्कली बाजूला असेल तर ऑक्साइडचा थरही हळूहळू विरघळतो, तेव्हा पीएच ७.४ पुरत असताना ९ वर नेऊ नका.

इथेच एक वेगळी पण सारखी भेटणारी चूक. ईडीसी-एनएचएसने (जोडणी घडवणाऱ्या रसायनांच्या जोडीने) अँटिबॉडी बांधताना बफरमध्ये ट्रिस असेल तर ट्रिसचे अमिनो गट सक्रिय जागा खाऊन टाकतात आणि अँटिबॉडी नुसती पृष्ठभागावर टेकून राहते. साठा टिकवायला घातलेलं सोडियम अझाइडही या जोडणीत अडथळा आणतं. अशी टेकलेली अँटिबॉडी पुढे प्रयोगात तासन्‌तास धुऊन जात राहते. तेव्हा कामाची रिंगच निळ्या बाजूला जाते आणि नियंत्रणाची कमी जाते, कारण दोघींवरच्या अँटिबॉडी वेगळ्या. हे पाहून ‘अँटिजेन सुटतोय’ असा अर्थ काढला जातो, म्हणून नमुना सोडण्याआधीच्या रेषेत तोच उतार आहे का, ते बघून घ्या.

बुडबुडा

फ्रीजमधून काढलेली बफरची बाटली थेट पंपाला जोडली की बुडबुडा येणारच. ४ अंशांच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरला १३ मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेला असतो, २५ अंशांना ८ च्या जरा वर. मधला फरक कुठेतरी बाहेर पडतो, आणि तो पडतो सगळ्यात उबदार ठिकाणी, म्हणजे चिपवर.

सूक्ष्मदर्शकाखाली मी ते एकदा पहिल्यापासून पाहिलं. प्रवाहमार्गाच्या कोपऱ्यात, जिथे पॉलिमर चिपला टेकतो, एक काळी कड दिसायला लागली, केसाएवढी. दहा मिनिटं ती तिथेच होती, फक्त जाड होत गेली. मग पंपाच्या एका हिसक्यासरशी ती सुटली, गोल झाली आणि सरकत येऊन दोन रिंग्जच्या वर बसली. पडद्यावर त्या दोन रिंग्जच्या डिप त्याच क्षणी नाहीशा झाल्या. पाण्याच्या १.३२ च्या जागी हवेचा १.०० आला म्हणजे डिप कित्येक नॅनोमीटर निळ्या बाजूला जाते, आणि लहान रिंगमध्ये ती स्कॅनच्या खिडकीबाहेर पडते किंवा शेजारच्या रेझोनन्सशी गल्लत होते. १५५० नॅनोमीटरला पाणी बऱ्यापैकी प्रकाश शोषतं, त्यामुळे पाणी दूर झाल्यावर उरलेली डिप अरुंद झालेली असते. अचानक मोठी उडी आणि रुंदीत बदल, हे दोन्ही एकत्र दिसले तर दुसरं काही शोधू नका.

बफर खोलीच्या तापमानाला काही तास ठेवा, निर्वाताखाली हलवत वायू काढा, आणि चिपच्या आधी बुडबुडा अडवणारा सापळा लावा. कोरडा प्रवाहमार्ग पहिल्यांदा भरताना आधी इथेनॉल-पाण्याचं मिश्रण सोडलं की कोपरे ओले होतात. प्रवाहमार्गाच्या पीडीएमएस या रबरासारख्या पॉलिमरमधून हवा आरपार जाते, त्यामुळे पंप ओढणाऱ्या बाजूला असेल तर दाब कमी होऊन हवा आत खेचली जाते. ढकलणाऱ्या बाजूला पंप ठेवला तर हा त्रास बराच कमी होतो. पीडीएमएस लहान स्निग्ध रेणूही शोषून घेतं आणि नंतर सोडतं, म्हणून कीटकनाशकं किंवा संप्रेरकांसारखे रेणू मोजायचे असतील तर प्रवाहमार्गासाठी दुसरं साहित्य निवडा.

सॉफ्टवेअरमधला ड्रिफ्ट

एकच रिंग दोन ठरावीक जागांमध्ये मागेपुढे उड्या मारतेय आणि बुडबुडा दिसत नाही, तेव्हा कच्चं स्पेक्ट्रम उघडा. वेव्हगाइडच्या भिंतींच्या खडबडीतपणामुळे प्रकाश मागे परावर्तित होतो आणि एका डिपच्या दोन होतात. ‘सगळ्यात खालचा बिंदू’ शोधणारा प्रोग्राम कधी डावी धरतो, कधी उजवी. दोन डिप धरून फिट करा, नाहीतर ती रिंग सोडून शेजारची घ्या. चिपच्या कडांवरून होणाऱ्या परावर्तनामुळे डिप तिरकी होत असेल तर लॉरेन्झच्या सममित आकाराऐवजी फानोचा तिरका आकार वापरा. पंधराव्या हिश्श्याचं सरकणं मोजायचं असताना नुसत्या किमान बिंदूवर भागत नाही.

मॅक-झेंडर इंटरफेरोमीटर (प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र करणारा सेन्सर) वापरणाऱ्यांचा त्रास थोडा वेगळा आहे. तिथे संकेत कोसाइनसारखा असतो, त्यामुळे शिखरावर किंवा तळाशी असताना खरा बदलही दिसत नाही आणि दिशाही कळत नाही. ‘बेसलाइन फार छान स्थिर आहे’ असं वाटत असेल तर आधी आपण शिखरावर तर नाही ना, ते मिठाची लहान पायरी देऊन तपासा.

वायू ओळखणाऱ्यांसाठी मात्र पहिला संशयित नेहमी आर्द्रता. टीफेनथालर आणि लुकोश यांनी १९८४ मध्येच वेव्हगाइडमध्ये प्रकाश सोडणाऱ्या जाळीच्या कपलरवर दाखवलं होतं, की हवेतल्या ओलाव्याचं पृष्ठभागावर बसणं एकट्यानेच वेव्हगाइडचा परिणामी अपवर्तनांक बदलतं. सच्छिद्र थर किंवा पॉलिमरचा लेप असेल तर हा परिणाम आणखी मोठा असतो. कोरड्या नायट्रोजनवर बेसलाइन स्थिर आणि खोलीच्या हवेवर अस्थिर, एवढं दिसलं की उत्तर मिळालं.

उतार वजा करण्याबद्दल

ड्रिफ्ट आहे, वेळ नाही, म्हणून आधीच्या दहा मिनिटांना सरळ रेषा बसवायची आणि ती पुढे वाढवून सगळ्या आलेखातून वजा करायची, हे मी करत नाही आणि करू नका असं कळकळीने सांगतो. सिलेन सुटण्याचा उतार सरळ नसतो, मंदावत जातो. त्याच्यावर सरळ रेषा वजा केली की नमुन्याच्या काळात हळूहळू चढणारा खोटा बंध तयार होतो, आणि तो हुबेहूब खऱ्यासारखा दिसतो. नियंत्रणाची रिंग खरोखर मोजलेली असेल तर तिची वजाबाकी चालते. काल्पनिक रेषेची नाही. माझा नियम असा, की ५ पिकोमीटरच्या संकेतासाठी नमुन्याआधीच्या दहा मिनिटांत, तापमानाची योग्य वजाबाकी करून, अर्ध्या पिकोमीटरपेक्षा जास्त हालचाल दिसली तर नमुना सोडायचा नाही.

प्रयोग संपल्यावर चिप बफरमध्येच वाळू देऊ नका. आधी शुद्ध पाणी पाच-दहा मिनिटं वाहू द्या, मग नायट्रोजनने कोरडी करा. पृष्ठभागावर प्रथिनं असतील आणि ती पुन्हा वापरायची असतील तर कोरडी न करता ४ अंशांना बफरमध्ये बुडवून, झाकण लावून ठेवा. वाळलेल्या बफरचे क्षार प्रवाहमार्गाच्या कोपऱ्यात बसतात. दुसऱ्या दिवशी पहिला अर्धा तास ते विरघळत राहतात आणि जवळच्या रिंग्जवरून खारट पाणी जातं. तेव्हा उघड्या रिंग्ज आधी लाल बाजूला जाऊन मग निळ्याकडे परततात, कोपऱ्याजवळच्या जास्त, लांबच्या कमी, आणि झाकलेली रिंग स्थिर असते.